मुदत खुर्चीला हवी, भाकरीला नको

(मैंदर्गी येथील कार्यकर्ता अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



सकाळच्या चर्चेत एका तरुण साथीने विचारलेल्या प्रश्नाला मी तिथल्या तिथे उत्तर दिले नाही, कारण तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तो म्हणाला, "नगरसेवकाला आपण पाच वर्षांसाठी निवडतो. त्याच्या हाती फार तर नळाची आणि गटाराची सत्ता. ज्याच्या हाती काठी, बंदूक आणि कोठडीची किल्ली, तो मात्र विशीत भरती होतो आणि अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत राहतो. पोलिसालाही पाच-सात वर्षांची मुदत का नसावी? मुदत संपली की त्याने पुन्हा आपल्यात येऊन राहावे."

या मागणीमागचा संताप मला समजतो. सोलापूर जिल्ह्याला तो समजावून सांगावा लागत नाही. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी १८६१ चा पोलीस कायदा केला तो सरकारच्या रक्षणासाठी. शिपाई रयतेतूनच घ्यायचा, पण त्याला रयतेपासून वेगळा ठेवायचा, ही त्या घडणीची मेख होती. सोलापुरात गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेली माणसे तिथे हजेरी देत जगली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी पारधी वस्तीवर रात्री-अपरात्री पडणारी थाप अजून थांबलेली नाही. ८ मे १९३० रोजी याच सोलापुरात गोळीबार झाला, लोक खवळले, पोलीस शहर सोडून गेले आणि काही दिवस स्वयंसेवकांनी शहराची व्यवस्था पाहिली. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी देण्यात आली. त्यांच्यावर आरोप होता तो पोलिसांच्या हत्येचा. पोलीस आणि प्रजा यांच्यातील दरी किती खोल होती, हे यावरून दिसते.

तेव्हा दंडशक्ती कोणाच्याही हाती कायमची राहू नये, हे तत्त्व मला मान्य आहे. प्रश्न एवढाच, की मुदत नेमकी कशाला घालायची?

मुदतीच्या पोलिसाचा एक अनुभव आपल्या आसपासच्या खेड्यांनी घेतलेला आहे. तो म्हणजे पोलीस पाटील. पूर्वी पाटीलकी वंशपरंपरेने चाले. वतने गेली, १९६७ चा ग्रामपोलीस अधिनियम आला आणि पोलीस पाटील नेमणुकीने येऊ लागला. प्रथम पाच वर्षे, नंतर वेळोवेळी मुदतवाढ, असे करीत साठीपर्यंत. हे पाऊल निःसंशय पुढचे होते. जे पद एका वाड्याबाहेर कधी गेले नाही, ते इतर घरांतही पोहोचू शकले. पण मुदतवाढ कोणाच्या हाती? गावाच्या नव्हे, प्रांताधिकाऱ्याच्या. मग पोलीस पाटलाची नजर गावाकडे राहील की वर? नुसत्या मुदतीने माणूस लोकांना उत्तरदायी होत नाही. मुदत वाढवणारा जो असेल, त्याला तो उत्तरदायी होतो.

"मग निवडणूकच घ्या," असे कोणी म्हणेल. अमेरिकेत बहुतेक परगण्यांत शेरीफ निवडून येतो, आणि त्याची मुदत बहुधा चार वर्षांची असते. पण तालुक्याचा फौजदार मतांवर निवडायचा ठरला, तर ज्यांच्याकडे जमीन, कारखाना आणि संख्या आहे तेच त्याला निवडतील. मग अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार द्यायला दलित शेतमजुराने कोणाच्या दारात जायचे?

आता आजच्या काळाकडे या. मुदतीची कल्पना आपल्या आधी सरकारने उचलली आहे, आणि तीही लोकशाहीसाठी नव्हे, तिजोरीसाठी. जून २०२२ मध्ये केंद्राने सैन्यभरतीसाठी 'अग्निपथ' आणली. चार वर्षांची सेवा, त्यानंतर फार तर पंचवीस टक्के कायम, बाकीच्यांना एकरकमी निधी आणि निवृत्तिवेतन नाही. जुलै २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने मुंबई पोलिसांसाठी राज्य सुरक्षा महामंडळाचे ३,००० जवान घेण्याचे ठरवले, तेही अकरा महिन्यांसाठी. कारण सांगितले मनुष्यबळाच्या तुटवड्याचे. तुटवडा होता तर कायम भरती वेळेवर का झाली नाही, याचे उत्तर मात्र कोणी दिले नाही.

पहाटे अक्कलकोटच्या रस्त्यावर धावणारी आपली पोरे तुम्ही रोज पाहता. कोरडवाहू शेतात दोन भावांचे भागत नाही, म्हणून ती धावतात. कोणी सालगड्याचा मुलगा, कोणी विडी कामगार बाईचा. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांत पहिला कायम पगार येण्याची शक्यता या एका भरतीत आहे. त्यांना आपण 'सात वर्षांनी घरी या' असे सांगायचे काय? ज्याची नोकरी साहेबाच्या मर्जीवर पुढे सरकते, तो बेकायदा हुकमाला नाही म्हणू शकत नाही. ज्याला लवकरच बाहेर पडायचे आहे, त्याला हाती असलेल्या दिवसांत हात मारून घेण्याचा मोह अधिक होतो. आणि शस्त्र चालवायला शिकलेला हा तरुण बाहेर पडल्यावर कोणाच्या दारात उभा राहील? बहुधा एखाद्या बिल्डरच्या किंवा कारखानदाराच्या. तो आपल्यात परत येईल, हे साथीचे स्वप्न तिथेच संपते.

मुदत हवी ती खुर्चीला. २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात हेच सांगितले: ठाणेदारापासून महासंचालकापर्यंत किमान दोन वर्षांचा निश्चित कार्यकाळ द्या आणि तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरणे नेमा. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून कार्यकाळ ठरवले. फौजदार आणि निरीक्षकांना एका ठाण्यात दोन वर्षे, शिपायांना एका जागी पाच वर्षे. परंतु त्याच कायद्यात 'जनहित' आणि 'प्रशासकीय निकड' या नावाने मुदतीपूर्वी बदली करण्याची वाट मोकळी ठेवली. ही वाट उघडी असेतोवर ठाणेदार कायद्यापेक्षा पुढाऱ्याकडे अधिक पाहणार. न्यायालयाने तक्रार प्राधिकरण जिल्ह्यातही मागितले होते. सरकारने ते विभागापर्यंतच आणले. म्हणजे ठाण्यात मार खाल्लेल्या मैंदर्गीच्या मजुराने न्याय मागायला सुमारे तीनशे किलोमीटरवरचे पुणे गाठायचे!

आणि शिपायाचे काय? १८ ऑगस्ट १९८२ रोजी, गिरणी संप चालू असतानाच, मुंबईत पोलिसांच्या असंतोषाचा भडका उडाला. सरकारने लष्कर बोलावले, संघटनेची मान्यता काढली, पुढाऱ्यांना बडतर्फ केले. तेव्हापासून शिपायाला कामाचे तास, सुटी, घर यांबद्दल एकत्रितपणे बोलता येत नाही. ज्याला स्वतःचे हक्क नाहीत, त्याने दुसऱ्याचे हक्क जपावेत ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?

म्हणून माझे उत्तर असे. नोकरी कायम असावी. एका खुर्चीवरची मुदत ठरलेली असावी. ती कोणाला वाढवता येऊ नये आणि लेखी, तपासता येणाऱ्या कारणाशिवाय कोणाला तोडताही येऊ नये. तक्रार प्राधिकरण जिल्ह्यात असावे व त्यात नागरिक असावेत. शिपायाला संघटनेचा हक्क मिळावा. आणि ज्याला पंधरा वर्षांनंतर ही वर्दी नकोशी होते, त्याला सेवाज्येष्ठता न गमावता दुसऱ्या सरकारी खात्यात जाता यावे. साथीच्या प्रश्नातला न्याय्य भाग यात येतो, असे मला वाटते.

येथून जाताना एक काम घेऊन जा. आपापल्या ठाण्यात गेल्या दहा वर्षांत किती ठाणेदार आले, प्रत्येक जण किती महिने राहिला आणि मुदतीपूर्वी का गेला, हे माहितीच्या अधिकारात विचारा. आलेले उत्तर चावडीवर वाचून दाखवा. पुढची चर्चा आपण त्या कागदावर करू.