बादलीतला सोनेरी मासा

(जपानमधील टोकियो शहरात हिगाशी-कसाई नावाची वस्ती आहे. तेथील मराठी मुलांच्या मेळाव्यात एका शिक्षिकेने केलेले हे भाषण.)



तुमच्या वस्तीचे नाव प्रथम ऐकले, तेव्हा मी दचकलेच! पाळीव प्राण्यांवर बोलायचे आणि तेही कसाईमध्ये? मग कळले, की कात्सुशिका या जुन्या जिल्ह्याचा पश्चिम भाग म्हणजे कसाई. 'हिगाशी' म्हणजे पूर्व, हे तुम्हांला ठाऊकच आहे.

आत येताना एका मुलीने मला बादली दाखवली. बादलीत सोनेरी मासा होता. जत्रेत पातळ कागदाच्या जाळीने तिने तो पकडला होता. ती म्हणाली, "बाई, याला नदीत सोडू का? तिथे तो मोकळा होईल."

तिच्या मनात दया होती. पण उत्तर देण्याआधी या माशाची, म्हणजे किंग्योची, गोष्ट ऐका.

हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये लोक तळ्यांतले करडे मासे खात. क्वचित एखादा मासा सोनेरी निघे. तो न खाता लोक वेगळा ठेवत. त्याच्या पिल्लांतूनही सोनेरी तेवढी निवडत. पुढे हे मासे तळ्यातून कुंडीत आले. कुंडीत बगळ्याची भीती नव्हती, वेगाने पळण्याची गरज नव्हती. त्यामुळे दुहेरी शेपटीचे, फुगीर डोळ्यांचे मासेही जगले. सुमारे ५०० वर्षांपूर्वी ते जपानात आले. तुमच्या एदोगावा विभागात त्यांची पुष्कळ तळी होती. घरे वाढली, तळी बुजली. आता मोजकीच उरली आहेत. तरी ग्योसेन उद्यानात जुलैमध्ये किंग्योचा उत्सव भरतो.

माणसाने असे किती प्राणी बदलले! लांडग्यापासून कुत्रा झाला, रानबैलापासून आपला बैल. महाराष्ट्रात दायमाबाद येथे १९७४ साली एका शेतकऱ्याला जमिनीत धातूची छोटी गाडी सापडली. ती साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीची असावी. तिला दोन बैल जुंपलेले आहेत, हाकणारा माणूस उभा आहे आणि सोबत कुत्राही आहे! पोळ्याला गावी गेलात, तर बैलांकडे पाहून ही गाडी आठवा.

आणि माणूस? तोही बदलला. गाई पाळणाऱ्या कित्येक लोकांना मोठेपणीही दूध पचू लागले.

आता तुझा प्रश्न, बाळ. नदीत हा तांबडा-सोनेरी मासा बगळ्याला लांबूनच दिसेल. समजा वाचला, तर नदीतल्या मूळच्या माशांच्या अन्नात वाटेकरी होईल, त्यांना रोगही देईल. म्हणून सोडू नकोस. नळाच्या पाण्यातले क्लोरीन त्याला बाधते. पाणी एक दिवस उघडे ठेव, मगच वापर. खायला चिमूटभरच घाल. नीट सांभाळलास, तर तो दहा वर्षेही जगेल. तोवर तू कॉलेजात गेलेली असशील! आईबाबांना आज विचार, दहा वर्षे चालेल का म्हणून.

पण आधी ती बादली उन्हातून सावलीत ने पाहू.