शपथेचा कागद आणि शिक्षकांची सत्ता

विद्यापीठाचा शैक्षणिक कारभार शिक्षकांच्या हाती असावा, ही मागणी रास्तच आहे. परंतु सभागृह मिळाले म्हणजे सत्ता मिळाली काय? कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठाचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो.

तेथील प्राध्यापकांनी १९२० मध्ये संघर्ष करून आपल्या सीनेटसाठी अधिकार मिळविले. सीनेट स्वतःच्या समित्या स्वतः निवडू लागली. नेमणुकांबाबत तिचा सल्ला घेतला जाऊ लागला. अंतिम सत्ता मात्र नियामक मंडळाकडेच राहिली.

१९४९ मध्ये या मंडळाने प्रत्येक शिक्षकाकडून आपण कम्युनिस्ट नसल्याची शपथ मागितली. शिक्षकांनी शपथेला विरोध केला; पण कम्युनिस्टांना नोकरी नाकारण्याचे तत्त्व मार्च १९५० च्या मतदानात त्यांनीच मोठ्या बहुमताने स्वीकारले. तत्त्व सोडल्यावर उरला तो केवळ कागदाच्या मजकुराचा वाद!

ऑगस्ट १९५० मध्ये सही नाकारणारे ३१ शिक्षक बडतर्फ झाले. त्यांच्यापैकी एकावरही कम्युनिस्ट असल्याचा आरोप नव्हता. १९५२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पण तो विचारस्वातंत्र्याच्या आधारावर नव्हे. निष्ठेची शपथ हा राज्याच्या कायद्याचा विषय असून विद्यापीठाला वेगळी शपथ लादता येत नाही, एवढाच त्याचा आधार होता.

अभ्यासक्रम ठरविण्याचा हक्क आणि नोकरीची शाश्वती ही एकाच स्वातंत्र्याची दोन अंगे आहेत. आणि जी सभा आपल्यातील सर्वांत अप्रिय सहकाऱ्याचे रक्षण करीत नाही, ती उद्या स्वतःचेही रक्षण करू शकत नाही.