यंत्रनौका आणि घरची दुरुस्ती

अमेरिकेंत सरोवरें पुष्कळ, आणि त्यांच्या काठीं राहणाऱ्या अनेक कुटुंबांजवळ स्वतःची लहानशी यंत्रनौका असते. सुटीच्या दिवशीं मुलाबाळांसह जलविहार करावा, आणि इंजिन रुसलें तर गृहस्थानें स्वतःच हातांत पाना घ्यावा, हें तिकडे नवलाचें नाहीं. ही हौस चांगलीच आहे. रस्त्यावर मोटार बंद पडली तर उतरून चालूं लागतां येतें. पाण्यावर ती सोय नाहीं.

घरीं करण्यासारखीं कामें बरींच आहेत. इंजिनांतलें तेल बदलणें, प्लग साफ करणें, पंपाचें रबरी चक्र वेळच्या वेळीं बदलणें, यांत अवघड असें कांहीं नाहीं. हें चक्र बाहेरचें पाणी आंत ओढून इंजिन थंड ठेवतें. तें कोरडें फिरलें, तर घर्षणानें त्याचीं पातीं थोड्याच वेळांत निकामी होतात. म्हणून अंगणांत इंजिन चालवून पाहण्यापूर्वीं नळाचें पाणी जोडावें लागतें.

खरा धोका निराळ्याच ठिकाणीं असतो. नौकेच्या पोटांत बसविलेलीं पेट्रोल-इंजिनें पुष्कळदां मोटारगाडीच्याच इंजिनावरून बनविलेलीं असतात. स्टार्टर बिघडला म्हणजे मोटारीच्या दुकानांतला, तसाच दिसणारा स्टार्टर स्वस्तांत मिळूं शकतो. कधीं कधीं तो बसतोही आणि चालतोही. मग बिघडतें कोठें?

याचें उत्तर पेट्रोलच्या वाफेंत आहे. ही वाफ हवेहून जड. मोटारगाडीच्या इंजिनाखालीं मोकळी जागा असल्यामुळें ती खालीं उतरून वाऱ्याबरोबर निघून जाते. नौकेचें बूड मात्र घागरीसारखें बंद. तेथें ती सांठून राहते. स्टार्टरमध्यें ठिणग्या उडावयाच्याच. परंतु नौकेसाठीं केलेला स्टार्टर असा बंदिस्त असतो कीं, आंतल्या ठिणगीनें बाहेरची वाफ पेटूं नये. मोटारीच्या स्टार्टरला ही बंदिस्ती नसते. जास्तीचे दाम मोजावयाचे ते हिच्यासाठीं.

अमेरिकेच्या १९४० सालच्या कायद्यानें पेट्रोल-नौकांच्या कार्बुरेटरवर ज्वाळा अडविणारी जाळी, आणि तळाशीं हवा खेळती राहण्याची सोय आवश्यक ठरविली. पुढें १९७१ सालच्या कायद्याखालीं झालेल्या नियमांनीं विजेच्या भागांवरही असाच निर्बंध घातला.

म्हणून जाणता गृहस्थ दुरुस्ती संपतांच किल्ली फिरवीत नाहीं. तो इंजिनावरचें झांकण उघडून वास घेतो. वाफ बाहेर काढणारा विजेचा पंखा निदान ४ मिनिटें चालूं ठेवतो. पुन्हां वास घेतो. पेट्रोलचा किंचित् जरी दर्प आला, तरी गळती सांपडेपर्यंत तो इंजिन सुरूं करीत नाहीं. तोंवर मुलें धक्क्यावरच उभीं असतात. त्यांना तीं ४ मिनिटें फार लांब वाटतात; परंतु बापाच्या कारागिरीची खरी परीक्षा त्या ४ मिनिटांतच होत असते.