रस्ता बांधण्यापूर्वी त्याची स्वतंत्र तपासणी हवी
(भाषणाचा मजकूर)



चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गावर इरुंगाट्टुकोट्टै हे गाव आहे. तेथे १९९० पासून मोटार शर्यतींची धावपट्टी आहे आणि जवळच सिपकॉटची औद्योगिक वसाहत आहे. शर्यतीपूर्वी धावपट्टीची वळणे, कठडे, निसटलेली गाडी थोपविणारी मोकळी जागा यांची तपासणी होते. परवान्याविना शर्यत होत नाही. पाळी सुटल्यावर कामगार ज्या रस्त्याने घरी जातात, त्याला हाच न्याय का नसावा?

२०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ७४,८९७ दुचाकीस्वार आणि ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे दर दहा मृतांत सहांहून अधिक याच दोन वर्गांतले! तरीही सारा दोष चालकाच्या माथी मारला जातो. आराखडा काढणारा नामानिराळा राहतो.

यावर उपाय आहे. भारतीय रस्ते काँग्रेसने २०१० साली रस्ता सुरक्षा तपासणीची नियमपुस्तिका काढली, २०१९ साली ती सुधारली. तिचे मर्म एकच: ज्याने आराखडा केला, त्यानेच तो तपासू नये. त्रयस्थ तपासनिसाने आराखड्यापासून वाहतूक सुरू होईपर्यंत प्रत्येक टप्प्यावर विचारावे: बसमधून उतरलेली बाई रस्ता कोठे ओलांडणार? रात्री वळण दिसेल काय? सायकलस्वाराने जावे कोठून? कागदावरची रेघ खोडरबराने पुसता येते; काँक्रीट ओतल्यावर तीच चूक माणसांच्या प्राणांनी फेडावी लागते.

हाच महामार्ग पुण्यात नवले पुलापाशी तीव्र उतारावरून येतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथे एका अवजड वाहनाने एकामागून एक अनेक वाहनांना धडक दिली. त्यानंतर वेगमर्यादा घटविली गेली, रंबलर पट्ट्या आल्या. उतार मात्र पहिल्या दिवसापासून तेथेच होता!

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आले. सदोष आराखड्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास यंत्रणा, सल्लागार वा कंत्राटदार यांना दंड आहे, तो मात्र फार तर १ लाख रुपये. कोट्यवधींच्या कंत्राटापुढे त्याची काय मातब्बरी?

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. तपासनीस कंत्राटदाराच्या पगारावर नसावा. त्याचा अहवाल जनतेसमोर यावा. प्रत्येक शिफारशीला यंत्रणेने लेखी उत्तर द्यावे. आणि तपासणीच्या वेळी त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या कामगारांचे, गावकऱ्यांचे म्हणणे नोंदविले जावे. धोका कोठे आहे हे त्यांना आधीच ठाऊक असते. त्यांना विचारले मात्र जात नाही.