शिट्टी, रिंग आणि व्हॉल्व्ह

घरासाठी एकच वस्तू सुचवायची झाली तर मी प्रेशर कुकर सुचवेन. आपला मुळशी-मावळातला कासारसाईचा परिसर समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटर उंच. इथं उघड्या पातेल्यातलं पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. आच कितीही मोठी केली तरी ते त्याहून तापत नाही, जास्तीच्या गॅसनं नुसती वाफ होते. कुकरमध्ये दाब वाढतो आणि तेच पाणी 120 अंशांच्या जवळ पोचतं. म्हणून तूर, हरभरा, राजमा लवकर शिजतात. पूर्ण दाब आला की आच बारीक करावी आणि शिट्ट्यांऐवजी मिनिटं मोजावीत. प्रत्येक शिट्टीबरोबर उष्णता बाहेर जाते.

यावर इथला, मुळशी-मावळातला आक्षेप रास्त आहे: कुकरमध्ये इंद्रायणीचा गोळा होतो. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेला हा तांदूळ मुळातच चिकट, त्याला पाणी बेतानं घालावं. तरीही मनासारखा झाला नाही, तर भात खुशाल पातेल्यात करा आणि डाळ कुकरमध्ये. दुसरी भीती स्फोटाची, आणि ती हसण्यावारी नेऊ नये. सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये ठरावीक तापमानाला वितळणारा मिश्रधातू असतो. पाणी आटून कुकर तापला की हा मिश्रधातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते. मग तिथं त्याच कंपनीचा, त्याच मापाचा नवा व्हॉल्व्ह बसवावा, भलतं काही ठोकू नये. रिंग कडक झाली की बदलावी. शिट्टीखालची नळी दर वेळी उजेडाकडे धरून पाहावी, आणि डाळ लावताना कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरू नये, कारण फेस वर चढून हीच नळी बुजते.