तारलीला वाली कोण?

कोकणच्या साहित्याला समुद्र फार लागतो. सूर्यास्ताला लागतो, विरहाला लागतो, शेवटच्या प्रकरणात नायक बुडवायलाही लागतो. त्या समुद्रात काय पोहते आणि ते कोण उपसून नेते, ही चौकशी मात्र लेखकांनी मत्स्यखात्यावर सोपवलेली दिसते. आज इथे तारलीबद्दल बोलणे होणार आहे. वास सहन होत नसेल त्यांनी चहाला जावे.

तारली, पेडवे, बांगडा ही गरिबाच्या ताटातली मासळी. सुरमईचे आणि डॉल्फिनचेही पोट तिच्यावरच. ती थव्याने, किनाऱ्याजवळ फिरते आणि तिथेच तिचा घात होतो. पर्ससीन नौका थव्याला जाळ्याचा वेढा घालते, तळाची दोरी खेचली की बटव्यासारखे तोंड मिटते आणि अख्खा थवा आत. मालवणची रापण किनाऱ्यावरून माणसे ओढतात, मिळेल त्याचे वाटे होतात. या दोन्हींना एकाच मापाने मोजायचे आणि वर ‘दोन गटांचा वाद’ असा मथळा द्यायचा, हा वर्तमानपत्रांचा कावा आहे.

भांडण जुने आहे. 1970च्या दशकात गोव्यातले रापणकार ट्रॉलरविरुद्ध उभे राहिले, माथानी साल्ढाणा त्यांच्या पुढे होते. 1980 मध्ये गोव्याने सागरी मासेमारीचा कायदा केला, 1981 मध्ये महाराष्ट्राने. पर्ससीनचा अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर 5 फेब्रुवारी 2016 रोजी महाराष्ट्राने पर्ससीनला आवर घातला: हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर, परवाने टप्प्याटप्प्याने 182 वर. नोव्हेंबर 2017 मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. 2021 मध्ये महाराष्ट्राने दंड वाढवले. 2023 मध्ये राज्यात 54 जातींच्या माशांचे पकडण्याजोगे किमान आकार ठरले.

कागद भक्कम आहे. तरी देवगड-मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांना अवैध दिवे आणि जाळ्यांविरुद्ध पुन्हा पुन्हा आंदोलन करावे लागते.

पर्ससीनवाले म्हणतात, तारलीचे आयुष्य दोन-अडीच वर्षांचे, ती आपोआप वाढते-घटते, दोष जाळ्याला का? निम्मे खरे आहे. केरळात 2012 मध्ये जवळपास चार लाख टन तारली मिळाली. 2021 मध्ये 3,297 टन. शास्त्रज्ञांनी एल निनोसारख्या हवामान-बदलांकडे बोट दाखवले, पण बेसुमार मासेमारीकडेही दाखवले. ज्या मासळीला समुद्रच अधूनमधून मारतो, तिला वाईट वर्षी तरी माणसाने सोडायला नको? केरळने दहा सेंटिमीटरखालची तारली पकडायला मनाई केली. पर्ससीनच्या खलाशालाही घर आहे, नौकेवर कर्ज आहे, मान्य. म्हणूनच दोषाचे बोट नौकामालकापाशी थांबता कामा नये. ते पुढे, मासळी-भुकटीच्या कारखान्यापर्यंत गेले पाहिजे. एक किलो भुकटीला चार-पाच किलो ओली मासळी लागते आणि ती भुकटी कोळंबीच्या तळ्यात, कोंबड्यांच्या खाद्यात जाते. ताटातला मासा काढून कोंबडीला घालायचा, याला विकास म्हणणाऱ्यांशी या व्यासपीठाचे जमणार नाही.

तेव्हा अध्यक्षांकडून ठराव असा: परवानाधारक पर्ससीन नौकांची यादी प्रत्येक बंदरावर लावावी, भुकटीच्या कारखान्यांच्या दारातच माशांचा आकार तपासावा, लहान मासळी सापडल्यास नौकेइतकाच दंड कारखान्यालाही व्हावा. ज्यांचा विरोध असेल त्यांनी आत्ता उभे राहून बोलावे. बाकीच्यांनी जाण्यापूर्वी सह्या कराव्यात.