यज्द : गारव्याचं शहर



इराणच्या नकाशात मधोमध बोट ठेवलंत, तर ते यज्दच्या आसपासच पडेल. एकीकडे दश्त-ए-कवीर हे खारट वाळवंट, दुसरीकडे दश्त-ए-लूत. पाऊस वर्षाकाठी जेमतेम ५०-६० मिलिमीटर आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीपार. तरीही हे शहर शतकानुशतकं नांदतं आहे. १२७२ साली मार्को पोलो इथून गेला, तेव्हाही इथलं रेशमी कापड दूरवर नावाजलेलं होतं.

यज्दची ओळख म्हणजे बादगीर, घरांच्या धाब्यावरचे वारा पकडणारे मनोरे. मनोऱ्याच्या आत विटांच्या उभ्या भिंती घालून कप्पे पाडलेले असतात. वारा ज्या अंगाने येईल, त्या अंगाच्या कप्प्यातून तो खाली उतरतो आणि पलीकडच्या कप्प्यातून घरातली तापलेली हवा वर निघून जाते. वारा पडला तरी उन्हाने तापलेला मनोरा हवा वर ओढत राहतो. दौलताबाद बागेतला अठराव्या शतकातला अष्टकोनी बादगीर तर ३३ मीटरांहून उंच आहे! त्याच्या तळाशी हौज आहे. कोरडा वारा त्या पाण्यावरून गेला, की पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खेचली जाते. कोकणातल्या दमट हवेत ही युक्ती चालायची नाही.

पण बादगीर एकट्याच्या बळावर फारसं काही करत नाही, हे मला आवर्जून सांगायचंय. हौजाला पाणी लागतं, आणि ते येतं कनातीतून. डोंगरपायथ्याचं भूजल उताराने शहरापर्यंत आणणारा हा हाताने खणलेला बोगदा. त्याला ना पंप लागतो, ना बैल. इथली झार्चची कनात ७० किलोमीटरांहून लांब आहे. छत्रपती संभाजीनगरची नहर-ए-अंबरी याच कुळातली.

शिवाय भिंती जाड, कच्च्या विटांच्या, वरून माती आणि भुशाचा गिलावा. बोळ अरुंद, मध्येमध्ये कमानींनी झाकलेले. घराच्या मधोमध चौक. उन्हाळ्यात कुटुंब दक्षिणेकडच्या, उत्तराभिमुख दालनात राहायचं, दुपारी तळघरात उतरायचं आणि रात्री धाब्यावर निजायचं. थंडीत बिऱ्हाड समोरच्या, उन्हाच्या खोल्यांत. ऋतूप्रमाणे घरातल्या घरात जागा बदलण्याचं हे शहाणपण मला मनोऱ्यांइतकंच मोठं वाटतं.

२०१७ साली युनेस्कोने या जुन्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. मात्र खोल विंधनविहिरींनी इराणमधलं भूजल खाली गेलंय आणि कितीतरी कनाती आटल्या आहेत. कनात आटली की हौज कोरडा पडतो, आणि मग बादगीरातून उतरतो तो नुसता गरम वारा.

म्हणून यज्दला जाल, तेव्हा धाब्यावरून मनोरे पाहून परतू नका. तिथलं जलसंग्रहालय एका जुन्या हवेलीत आहे. तिच्या पायऱ्या उतरून खाली कनातीपर्यंत जरूर जा.